११ बाय १० च्या खोलीला बुकशेल्फ स्पीकर किती इंची घ्यावेत? आणि सब (सबवूफर, फक्त खालच्या सुरांचा वेगळा स्पीकर) घ्यावा की नको?

मध्यलय:
नमस्कार मंडळी, एरवी नुसता वाचनमात्र असतो, आज प्रश्न घेऊन आलोय. ठाण्यात टू बीएचके आहे, त्यातली छोटी बेडरूम गाण्यासाठी मिळवलीय (अट एकच, पाहुणे आले की त्यांची गादी तिथेच पडणार). खोली ११ बाय १०, उंची साडेनऊ फूट. एका बाजूला लोखंडी कपाट, एका बाजूला स्लायडिंग खिडकी, खाली टाइल्स. ४५ वॉटचा स्टिरिओ ॲम्प आधीपासून आहे, त्याला सबचं आउटपुट पण आहे. ऐकणं म्हणजे जास्त करून ख्याल आणि तबला सोलो, थोडी जुनी हिंदी गाणी, आणि सुट्टीच्या दिवशी चिरंजीव त्यांचं हिपहॉप लावतात.

दुकानात गेलो तर त्याने साडेसहा इंची बुकशेल्फ आणि वर १२ इंची सब असा सेट ऐकवला. आवाज जबरदस्त, वाद नाही, पण त्याची डेमो रूम म्हणजे आमचं अख्खं घर मावेल एवढी. मी म्हटलं माझी खोली लहान आहे हो, तर म्हणाला मग आवाज कमी ठेवायचा.

तर प्रश्न असे की वूफर (स्पीकरमधला बेस काढणारा मोठा गोल) ४ इंची, ५ इंची की साडेसहा? सब लागेलच का? की हा सगळा प्रकार सरळ हॉलमध्येच लावू, तो १८ बाय ११ आहे पण किचन ओपन आहे. बजेट ॲम्प सोडून ७० हजारापर्यंत. खालच्या मजल्यावर आजी-आजोबा राहतात, संबंध चांगले आहेत आणि ते तसेच राहावेत अशी इच्छा आहे. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

उसळपाव:
"मग आवाज कमी ठेवायचा" 😂 हे वाक्य फ्रेम करून लावा दुकानात.

खर्ज_षड्ज:
दुकानदाराच्या उत्तरात गोम अशी आहे की खोलीचा त्रास आवाज कमी केल्याने जात नाही. बेस जास्त "मोठा" होत नाही, तो वाकडा होतो, आणि तो लहान आवाजात पण तितकाच वाकडा असतो.

तुमच्या खोलीचं गणित सांगतो, सोपं आहे. ५६५ ला खोलीच्या लांबीने भागायचं, लांबी फुटात, उत्तर येतं हर्ट्झमध्ये, म्हणजे त्या दोन भिंतींमध्ये कुठला सूर अडकून घुमणार ते (आवाज सेकंदाला साधारण ११३० फूट जातो, त्याचं अर्ध). ११ फुटाला ५१, १० फुटाला साडेछप्पन, साडेनऊला साडेएकोणसाठ. आता बघा काय झालंय, लांबी रुंदी उंची जवळजवळ सारखी असल्यामुळे तिन्ही आकडे ५० ते ६० च्या मध्ये एकमेकांच्या उरावर बसलेत. खोली १४ बाय १० असती तर लांबीचा आकडा ४० वर गेला असता आणि जरा फाकले असते. ठोकळ्यासारखी खोली बेससाठी सगळ्यात वाईट, आणि आपल्याकडच्या बिल्डरांना छोटी बेडरूम नेमकी ठोकळ्यासारखीच काढायची हौस.

म्हणजे हिपहॉपचा किक साधारण ५०-६० लाच असतो, तो एक वाजला की खोली पुढचा येईपर्यंत ढूंऽऽऽ करत बसणार. साडेसहा इंची स्पीकरवाले ४५ पर्यंत खाली जातो म्हणून जाहिरात करतात ना, तुमच्या खोलीत ती जाहिरात तुमच्या विरोधात आहे.

माझं मत ५ इंची. ४ इंची चालतील पण सब घ्यावाच लागेल, साडेसहा हॉलसाठी.

फक्त_दोनच:
मी जरा उलटी बाजू मांडतो. सब कशाला पाहिजे? धागाकर्ते ऐकतात काय ते बघा. पुरुष गायकाचा षड्ज काळी एक धरला तर १३९ हर्ट्झच्या आसपास, तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्मी म्हणजे ६९. डग्ग्याचा घुमारा त्याच पट्ट्यात आणि वर. ख्यालात याच्या खाली आहे काय? हॉलचा एसी आणि श्रोत्यांचं खोकणं. चांगले ५ इंची बुकशेल्फ ५५-६० पर्यंत आरामात येतात, वर भिंतीची मदत मिळते ती वेगळीच.

आणि भिंतीचं हे जरा नीट सांगतो कारण यूट्यूबवर सगळे ओरडत असतात की स्पीकर भिंतीपासून तीन फूट पुढे ओढा. मोठ्या खोलीत ठीक आहे. लहान खोलीत काय होतं, स्पीकरचा बेस मागे पण जातो, भिंतीवर आपटून परत येतो आणि एका ठराविक सुरावर समोरच्या आवाजाला खाऊन टाकतो. कोन (वूफरचा मागेपुढे हलणारा पडदा) भिंतीपासून एक मीटरवर असला तर हा खड्डा ८६ हर्ट्झला पडतो, म्हणजे बरोब्बर डग्ग्याच्या डोक्यावर. तोच कोन ४५ सेंटीमीटरवर आणला तर खड्डा १९० च्या आसपास सरकतो, तिथे तो पुष्कळ कमी खुपतो, आणि खालच्या बेसला भिंतीचा टेकू मिळतो. मागे पोर्ट (डब्याला हवेसाठी ठेवलेलं भोक) असेल तर वीतभर जागा सोडा म्हणजे झालं. तरी घुमलं तर पोर्टात फोमचा बोळा घाला, क्यू अकूस्टिक्स ३०२०आय सारख्यांच्या बरोबर खोक्यातच येतो, नाहीतर जुना पायमोजा पण तेच काम करतो.

वॉटचं टेन्शन पण घेऊ नका. ८६ डीबी सेन्सिटिव्हिटीचे (म्हणजे एका वॉटात एक मीटरवर ८६ डीबी आवाज देणारे) दोन स्पीकर, सहा फुटावर बसलात तर दोघांना एकेक वॉट दिला तरी ८३-८४ डीबी येतो आणि हे बऱ्यापैकी जोरात आहे. ४५ वॉटातले ४० नुसते पगार घेतात.

बीबीसीने सत्तरच्या दशकात एलएस३/५ए काढला तो बाहेरच्या प्रक्षेपणाच्या व्हॅनसाठी, आत बसून ऐकायला. ५ इंची वूफर, बंद डबा, बेस जेमतेम. लोक अजून त्याच्या मागे वेडे आहेत कारण गळा आणि तार त्यात खरी वाटते. लहान जागेत लहान स्पीकर ही तडजोड नाहीये, ते त्याचं घर आहे.

खर्ज_षड्ज:
@फक्त_दोनच, भिंतीच्या मुद्द्याला शंभर टक्के सहमत, सबच्या नाही. दोन कारणं.

एक, कोनावरचा ताण. तेवढाच मोठा आवाज एक सप्तक खाली काढायचा तर कोनाला चौपट मागेपुढे हलावं लागतं. ५ इंची कोन ६० खाली ढकलत असतो तेव्हा तोच कोन गळा पण काढत असतो, आणि तबला सोलोत रेला जोरात चालू असताना डग्गा पडला की वरचा आवाज किंचित गढूळ होतो, कान सवयीने माफ करतो पण सब लावून एकदा ऐकलं की कळतं. खालचं काम दुसऱ्याकडे दिलं की स्पीकर मोकळा श्वास घेतो.

दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं, स्पीकर कुठे ठेवायचे ते स्टिरिओ ठरवतो, पण ती जागा बेससाठी चांगली असेलच असं नाही. सब वेगळा असला की त्याला खोलीत जिथे बरं वाजेल तिथे नेता येतं. ठोकळा खोलीत मला हीच गोष्ट सबच्या बाजूने वाटते, खोली वाईट म्हणून सब नको असं नाही, खोली वाईट म्हणूनच सब सुटा हवा.

फक्त १२ इंची नाही. ८ इंची आणि पोर्ट नसलेला, बंद डब्याचा. कारण तुमच्या खोलीत ५१ च्या खाली घुमणं थांबतं आणि खोली नुसतं दाबल्यासारखं काम करते, दारं-खिडक्या बंद असतील तर खालच्या सुरांना आपोआप उचल मिळते. बंद डब्याचा सब साधारण ज्या उताराने खाली घसरतो त्याच उताराने खोली त्याला वर उचलते (कागदावर हं, प्रत्यक्षात फटींतून काही जातंच). पोर्टवाला मोठा सब तिथे आधीच भरलेला असतो, त्याला अजून उचल मिळाली की गडगडाट. आरईएल टी५एक्स, केईएफ क्यूब ८ असे त्या जातीतले आहेत, बजेटात नवा बसला नाही तर सेकंडहँड बघा, बंद डब्याच्या सबमध्ये बिघडण्यासारखं मुख्य म्हणजे आतला ॲम्प, तो लावून तासभर ऐकला की अंदाज येतो.

एडिसनकर:
इथे न्यू जर्सीत बसून एक भर घालतो. इंग्रजी फोरमवर जे सल्ले वाचता ना की अमुक घनफुटाला १२ इंची सब कमीत कमी, ते आमच्या इकडच्या घरांसाठी असतात. आमच्या भिंती लाकडी चौकटीवर जिप्समचा बोर्ड, बेस वाजला की भिंत थोडी वाकते आणि बराचसा बेस पलीकडे निघून जातो, म्हणून मोठा सब लागतो. ठाण्यातल्या विटा-काँक्रीटच्या भिंती हलत नाहीत, आत आलेला बेस आतच फिरतो. आईबाबांच्या डोंबिवलीच्या घरी छोटा सब लावला होता, तो तिथे जेवढा वाजतो तेवढा माझ्या बेसमेंटमधला त्याच्या दुप्पट आकाराचा वाजत नाही. तेव्हा इकडचे आकडे तिकडे एक पायरी खाली उतरवूनच वापरा.

मध्यलय:
बापरे, खूप शिकायला मिळतंय, सगळ्यांचे आभार. दोन उपप्रश्न. खोलीत नेमकं बसायचं कुठे, कारण सध्या खुर्ची बरोबर मध्यभागी आहे. आणि ते फोम, अंड्याचे ट्रे वगैरे भिंतीला लावून हे ५१-५६ चं लफडं मिटेल का? हॉलबद्दल कोणीच काही बोललं नाही 🙂

लॅमिंग्टन_लोकल:
मध्यभागातून खुर्ची आधी उठवा. लांबीच्या बरोबर मध्यात ५१ वाला सूर जवळजवळ गायब असतो, आणि मागच्या भिंतीला टेकून बसलात तर तोच सूर छातीवर बसतो. पुढच्या भिंतीपासून पावणेसात-सात फुटावर कान आले पाहिजेत, म्हणजे मागे चार-सव्वाचार फूट सुटतात. स्पीकर १० फुटाच्या भिंतीकडे, ११ च्या दिशेने तोंड करून, एकमेकांपासून साडेपाच फूट, म्हणजे तुमच्यापासून पण प्रत्येक साधारण सहा फूट, ट्वीटर (बारीक सूर काढणारा वरचा छोटा गोल) कानाच्या उंचीला. रुंदीत मात्र बरोबर मध्यावरच बसा, त्याचा एक फायदा असा की १० फुटवाला जो साडेछप्पन होता तो त्या मध्यरेषेवर ऐकूच येत नाही फारसा, आणि सब पण पुढच्या भिंतीच्या मध्यावर ठेवलात तर तो मुळात पेटतच नाही. तिघातला एक फुकटात कटला.

पण कपाट एका बाजूला असल्यामुळे तुमची खोली काही पुस्तकातली नाही, म्हणून सबची जागा कानाने ठरवा. सब उचलून तुमच्या खुर्चीवर ठेवा, खुर्चीवरच, मग साधा चालता बेस असलेलं गाणं लावा आणि स्वतः गुडघ्यावर रांगत भिंतीच्या कडेकडेने फिरा. एका कोपऱ्यात भसाभस वाजेल, कुठे काहीच नाही, आणि एखाद्या ठिकाणी प्रत्येक सूर सारख्या वजनाने येईल, तिथे सब ठेवायचा. घरचे बघत असतील तर दार लावून घ्या.

फोम आणि अंड्याचे ट्रे, विसरा. ५० हर्ट्झची लाट २२-२३ फूट लांब असते, एक इंची फोमला ती आली-गेलेली कळत पण नाही. फोम वरचा आवाज पितो फक्त, म्हणजे खोली आणखी बोथट आणि बेस तसाच. टाइल्सवर एक जाड सतरंजी आणि खिडकीला जड पडदा टाका, तो टाळी वाजवल्यावर येणारा खणखणाट कमी होईल तेवढ्यासाठी. पाहुण्यांची गादी तिथेच उभी करून ठेवलीत तर अजून बरं, तीच तुमची ट्रीटमेंट.

आता सेटिंग, कारण निम्मे लोक सब घेऊन इथे फसतात. तुमच्या स्टिरिओ ॲम्पचा सबआउट बहुतेक नुसता आउट असेल, तो स्पीकरचा खालचा भाग कापत नाही. ए/व्ही रिसीव्हर (होम थिएटरचा ॲम्प) ८० ला कापतो, स्टिरिओ ॲम्प सहसा नाही. मॅन्युअल बघा. कापत नसेल तर सबचा क्रॉसओव्हर (सबने कुठल्या सुरापर्यंत वर वाजायचं ती मर्यादा) ६० च्या आसपास ठेवून सुरुवात करा, ८०-९० ला ठेवलात तर स्पीकर आणि सब दोघे एकच सूर वाजवणार आणि पुरुषाचा आवाज रांजणातून आल्यासारखा होणार. मग फेजचं बटण, ० आणि १८० (सबचा कोन स्पीकरच्या बरोबरीने हलणार की उलटा, ते ठरवणारं). डग्ग्याचं काहीतरी लावून एकाला खुर्चीवर बसवा, दुसऱ्याने बटण फिरवायचं, ज्याच्यात डग्गा भरीव वाटतो ते ठेवायचं. व्हॉल्यूम सगळ्यात शेवटी, आणि तो एवढाच की सब बंद केल्यावर कळलं पाहिजे आणि चालू असताना कळता कामा नये.

@खर्ज_षड्ज यांचं स्पीकर मोकळा श्वास घेतो वालं तेव्हाच खरं जेव्हा ॲम्प खालचं कापतो, हे पण सांगायला हवं होतं.

खर्ज_षड्ज:
बरोबर आहे. कापत नसेल तर पोर्टात बोळा घातला तरी थोडं काम होतं, पोर्टवाला स्पीकर त्याच्या सुराच्या खाली गेला की कोन मोकाट सुटतो, बोळ्याने हवेची गादी मिळते.

फक्त_दोनच:
म्हणजे अखेर पायमोजाच 🙂 माझा सल्ला तोच आहे, आधी नुसते स्पीकर घ्या, महिनाभर भिंतीशी आणि खुर्चीशी खेळा, तबला समाधानकारक वाटला तर उरलेल्या पैशात स्टँड घ्या, आणि ते पैसे कशात घालायचे नसतील तर मग सब आहेच. आमच्याकडे उलटं करतात, खोकी आधी आणि खुर्ची शेवटी.

लॅमिंग्टन_लोकल:
या क्रमाला माझा विरोध नाही.

हॉलचं राहिलं. १८ बाय ११ बाय साडेनऊ म्हणजे जवळजवळ १९०० घनफूट, तुमची खोली हजाराच्या जरा वर. पण किचन ओपन आहे आणि पॅसेज पण असणार, सबला भिंतीतला फरक कळत नाही, तो जोडलेली सगळी हवा हलवायला बघतो. तिथे ८ इंची दमतो. १२ इंचीच्या कोनाचं क्षेत्रफळ ८ इंचीच्या सव्वादोनपट असतं, सिनेमा बघायचा असेल तर तिथे १० किंवा १२ आणि पोर्टवाला योग्य, बुकशेल्फ पण साडेसहा, कारण सोफा दहा-अकरा फुटावर जातो. १८ फुटाचा सूर ३१ ला जातो, म्हणजे आकडे छान पसरतात, खोली म्हणून हॉलच चांगला आहे. पण तिथे टीव्ही, कुकरच्या शिट्ट्या आणि बेल. ख्याल ऐकायचा तर दार लावता येणारी खोली.

उसळपाव:
आणि खालचे आजी-आजोबा? त्यांचं कोणीच मनावर घेतलं नाही 😂

लॅमिंग्टन_लोकल:
सबखाली रबराचे पाय किंवा जाड फोमची लादी टाका, त्याने टाइल्समधून थेट जाणारी थरथर कमी होते. हवेतून जाणारा बेस त्याने अडत नाही, तो स्लॅबमधून थोडा जाणारच. सोपा उपाय, एकदा त्यांच्याकडे चहाला जा आणि मुलाला वर हिपहॉप लावायला सांगा, जो आकडा त्यांना चालेल तिथे व्हॉल्यूमच्या बटणाला खूण करून ठेवा. लहान खोलीत जवळ बसून ऐकण्याचा मोठा फायदा हाच की तुम्हाला पोटभर वाटतं त्या आवाजाला खाली फारसं काही पोचत नाही.

आणि सब लावल्यावर पहिल्या दिवशी ज्या गोष्टी वाजतील त्या ऐका. लोखंडी कपाटाचं दार, आतले हँगर, कपाटावर रचलेल्या बॅगांचे हुक, स्लायडिंगची काच, खिडकीचं ग्रील. लोक सबला शिव्या देतात आणि वाजत असतो हँगर. दाराच्या फटीत रबरी पट्टी, काचेला फेल्ट, झालं काम.

मध्यलय:
ठरलं मग. ५ इंची बुकशेल्फ, व्हार्फडेल डायमंड १२.१ आणि क्यू अकूस्टिक्स ३०२०आय दोन्ही ऐकून येतो, जमलं तर दुकानदाराला घरी डेमो द्यायला सांगतो. खुर्ची आजच मागे सरकवली, फक्त तेवढ्याने जुन्या छोट्या स्पीकरवर सुद्धा तानपुरा वेगळा लागला हो! सब नंतर, ८ इंची बंद डब्याचा. ॲम्पचं मॅन्युअल काढून बघितलं, सबआउट नुसता आउटच आहे, कापत नाही.

एक शेवटचं, मित्राकडून त्याचा सब दोन दिवस आणून लावला होता तेव्हा सतत हूंऽऽ असा आवाज यायचा, गाणं बंद असलं तरी. सब खराब होता का?

लॅमिंग्टन_लोकल:
सब आणि ॲम्प वेगवेगळ्या भिंतींवरच्या सॉकेटला होते का? तो ग्राउंड लूपचा (दोन्ही उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणाऱ्या करंटचा) हम आहे, आपली लाइन ५० हर्ट्झची, त्यामुळे हम पण ५० आणि १०० चा. आणि तुमची खोली ५१ ला घुमते, म्हणजे तिने तो जपून वाढवून दिला असणार, भिंतीला कान लावलात तर अजून मोठा येईल. दोन्ही एकाच एक्सटेन्शन बोर्डवर घ्या, बहुतेक वेळा तिथेच मिटतं. सेट टॉप बॉक्स ॲम्पला जोडलेला असेल तर केबलवाल्याची वायर काढून बघा, पुष्कळदा तोच चोर निघतो. कोणी सांगेल अर्थिंगची पिन कापा, हम लगेच जातो म्हणून. अजिबात करायचं नाही, आतल्या ॲम्पला मेटलची प्लेट असते आणि एखाद्या पावसाळ्यात ती पिनच तुम्हाला वाचवणार असते. वायरमनला बोलवून त्या खोलीचं अर्थिंग तपासून घ्या, जुन्या बिल्डिंगमध्ये सॉकेटला तिसरं भोक असतं आणि मागे वायरच नसते.

मध्यलय:
वेगवेगळ्याच भिंतींवर होते. वायरमनला उद्याच फोन लावतो.